पायाच्या नसेचं ऑपरेशन, विडी-सिगारेट आणि दम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. पायाच्या नसेची बायपास झालेले, पोटातल्या महाधमनीचा फुगा दुरुस्त केलेले, मानेची नस साफ केलेले पेशंट ऑपरेशनच्या आधी आणि नंतर माझ्याकडे येतात. त्यांना खोकायला लावणं, बसवणं, उभं करणं, चालवणं हे माझं काम. यातल्या बहुतेकांनी कधी ना कधी विडी-सिगारेट ओढलेली असते आणि बऱ्याच जणांना दम लागत असतो. ऑपरेशनच्या धावपळीत या दोन्ही गोष्टी मागे पडतात. कळवा, वागळे इस्टेट, लोकमान्यनगर, तुर्भे, कोपरखैरणे इथून आलेले नातेवाईक मला वॉर्डाच्या दारात जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. कुठली गोळी किती घ्यायची, ऑपरेशन कधी करायचं हे तुमचे सर्जन ठरवतील. त्यांना काय विचारायचं आणि घरी काय सांभाळायचं, ते इथे वाचा.

विडीचा धूर छातीत जातो. मग पायाची नस का बंद होते?

धूर छातीत जातो, पण तिथे थांबत नाही. फुफ्फुसातून निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड काही सेकंदांत रक्तात उतरतात. निकोटीनमुळे नसा आक्रसतात. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणजे रक्त पायापर्यंत पोचलं तरी त्यात ऑक्सिजन कमीच असतो. धुरातल्या बाकीच्या रसायनांनी नसेचं आतलं गुळगुळीत अस्तर खरवडलं जातं. तिथे चरबीचा थर धरतो आणि रक्त गोठायला जागा मिळते.

पाय हृदयापासून सगळ्यांत लांब. म्हणून आधी चालताना पोटरीत गोळा येतो, मग रात्री झोपल्यावर पंजा ठणकतो. असे पेशंट पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून रात्र काढतात, कारण पाय खाली असला की जरा रक्त उतरतं आणि ठणका कमी होतो. त्याच जागरणात दुखणं विसरायला आणखी विडी पेटते आणि नस अजून आवळते. हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

ऑपरेशनच्या किती दिवस आधी सोडायला हवी?

निदान ४ आठवडे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली हेच सांगितलं आहे : ४ आठवडे किंवा त्याहून आधी तंबाखू सोडलेल्यांना ऑपरेशननंतर त्रास कमी होतो, आणि त्यापुढचा तंबाखूशिवाय गेलेला प्रत्येक आठवडा परिणाम १९ टक्क्यांनी सुधारतो. कारण साधं आहे. श्वासनलिकेत बारीक केसांचं अस्तर असतं, ते कफ वर ढकलत असतं. धुरानं ते लुळं पडतं. ते पुन्हा कामाला लागायला काही आठवडे जातात. जखम भरायची ताकदही साधारण तेवढ्याच काळात परत येते.

ऑपरेशन उद्यावर आलं. आता एका दिवसानं काय फरक पडणार?

पडतो. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड दर ४ ते ६ तासांनी निम्मा होत जातो. आज रात्रीपासून एकही ओढली नाही, तर उद्या टेबलावर असताना हृदयाला आणि पायाला जास्त ऑक्सिजन मिळेल. कफ कमी व्हायला वेळ लागेल हे खरं, पण निदान ऑक्सिजनचा फायदा तरी हातचा घालवू नका.

ऑपरेशनच्या तोंडावर सोडली तर खोकला वाढतो, म्हणून सोडू नये असं कोणीतरी सांगितलं. खरं का?

नाही. सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला आणि बेडका वाढल्यासारखा वाटतो, कारण ते लुळे पडलेले केस जागे होऊन साचलेला कफ वर काढायला लागतात. त्यातून पूर्वी अशी भीती पसरली होती. पण थोडे दिवस आधी सोडल्यामुळे ऑपरेशननंतर छातीचा त्रास वाढतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. सोडायला आजचा दिवसही चालतो.

बोट काळं पडलंय, रात्रभर ठणका आहे. तरीही ४ आठवडे थांबायचं?

अजिबात नाही. पाय वाचवायचं ऑपरेशन विडीसाठी पुढे ढकलायचं नसतं. ४ आठवड्यांचा हिशेब ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांच्यासाठी : चालताना पोटरी दुखते पण जखम नाही, किंवा फुगा अजून लहान आहे, असे. अशा पेशंटना काही सर्जन "आधी तंबाखू सोडा, मग बघू" असं ठामपणे सांगतात. घरच्यांना ते कठोर वाटतं. पण त्यामागे कारण आहे, ते पुढे बायपासच्या प्रश्नात सांगते.

बाबांना दम लागतो, पण ऑपरेशन तर पायाचं आहे. सर्जनना दम्याचं सांगायलाच हवं का?

हे मी सगळ्यांत जास्त वेळ देऊन समजावते, कारण इथेच फसगत होते.

वर्षानुवर्षं विडी ओढणाऱ्या माणसाला सीओपीडी असू शकतो, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या आणि फुफ्फुसाची स्पंजासारखी जाळी विरलेली. असा माणूस चालला की त्याला दम लागायला हवा. पण ज्याच्या पायाची नसही बंद आहे, तो चालतच नाही! घरापासून टपरीपर्यंत गेला की पोटरीत गोळा येतो, तो थांबतो, पोटरी चोळतो. दम लागण्याइतकं अंतर तो कापतच नाही. विचारलं की सांगतो, "दम? छे, मला फक्त पायाचा त्रास." तो खोटं बोलत नसतो. पाय आधी थांबत असल्यामुळे छातीचा आजार त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलेला नसतो.

मग बायपास होते, पाय मोकळा होतो, आणि जिना चढताना तो पहिल्यांदा धापा टाकायला लागतो. घरचे घाबरून विचारतात, "ऑपरेशननं दमा लागला का?" ऑपरेशननं काही लागत नाही. दुखणारा पाय मधून बाजूला झाला आणि जुना आजार उघडा पडला.

म्हणून "दम लागतो का" एवढंच विचारून भागत नाही. पुढच्या गोष्टी आठवा आणि सर्जनना, भूलतज्ज्ञांना न विचारता सांगा. सकाळी उठल्यावर बेडका पडतो का? पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या फटाक्यांच्या धुरात छाती भरून येते का, अँटिबायोटिक घ्यावं लागतं का? रात्री घरघर ऐकू येते का? आंघोळ करताना, शर्ट घालताना धाप लागते का? विडी किती वर्षं आणि दिवसाला किती? अर्धं बंडल असेल तर अर्धं बंडल सांगा. "कधीतरी" हे उत्तर कोणाच्याच उपयोगाचं नाही. आणि दम्यासाठी कधी स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील तर तेही, कारण त्यांनी साखर वाढते आणि जखम भरायला वेळ लागतो.

फुंकायची चाचणी कशासाठी करतात?

तिला स्पायरोमेट्री म्हणतात. पूर्ण श्वास घेऊन नळीत जोरात, शेवटपर्यंत फुंकायचं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली आणि एकूण किती आली, याचं प्रमाण काढतात. पंपाचं औषध दिल्यानंतरही ते ०.७० च्या खाली राहिलं तर सीओपीडी धरतात. चाचणीत सीओपीडी निघाला म्हणजे ऑपरेशन रद्द, असं नाही. आधी पंप सुरू करायचा, छातीत जंतुसंसर्ग असेल तर तो बरा करायचा, भूल कोणती द्यायची ते ठरवायचं, यासाठी ती असते. थोडा वेळ हाताशी असेल तर फ्लूची आणि न्यूमोकॉकसची (न्यूमोनिया करणाऱ्या जंतूची) लस घेण्याबद्दलही विचारा.

पंपाची सवय लागते ना?

नाही लागत. पंपातलं औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून गोळीपेक्षा कमी मात्रा पुरते. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी उपाशी राहायचं असतं, पण पंप घ्यायचा असतो. "काही खायचं-प्यायचं नाही" असं ऐकून पेशंट पंपही घेत नाहीत आणि घरघर घेऊन टेबलावर जातात. भूलतज्ज्ञांना विचारून घ्या, आणि पंप बरोबर हॉस्पिटलमध्ये आणा. रोटाहेलर, म्हणजे कॅप्सूल घालून तिच्यातली पूड श्वासाबरोबर ओढायचा पंप, वापरत असाल तर माझ्यासमोर एकदा घेऊन दाखवा. आतली कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे आजोबा मला भेटले आहेत, आणि तीन वर्षं "औषध लागूच पडत नाही" म्हणून सांगत होते.

कोणत्या ऑपरेशनला छातीचा धोका जास्त?

पोट उघडून महाधमनीच्या फुग्याचं ऑपरेशन केलं तर सगळ्यांत जास्त. चीर श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या पडद्याच्या जवळ असते, दुखण्यामुळे माणूस वरवर श्वास घेतो, फुफ्फुसाचा तळ मिटतो, तिथे कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. सीओपीडी असेल तर व्हेंटिलेटरवरून उतरायला वेळ लागू शकतो. तोच फुगा जांघेतून तार घालून, आत आवरण बसवून दुरुस्त करता आला तर छातीवर ताण खूप कमी येतो. पायाच्या बायपासला धोका मधला. नुसती अँजिओप्लास्टी असेल तर कमी.

फुग्याबद्दल एक गोष्ट. धूम्रपान हे त्याचं सगळ्यांत मोठं टाळता येणारं कारण आहे. पुरुषांमध्ये साधारण साडेपाच सेंटिमीटरपर्यंत वाढेस्तोवर सोनोग्राफी करत लक्ष ठेवतात. त्या काळात ओढणाऱ्याचा फुगा जास्त वेगानं वाढतो, आणि सीओपीडी असलेल्याचा फुटायची शक्यताही जास्त असते.

पूर्ण भूल द्यावीच लागते का?

पायाच्या ऑपरेशनला बऱ्याचदा कमरेतून भूल देता येते, म्हणजे घशात नळी घालावी लागत नाही. पण रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर कमरेत सुई घालणं धोक्याचं ठरू शकतं. म्हणून कोणती गोळी, शेवटची कधी घेतली, हे नीट लिहून न्या. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका.

श्वासाच्या व्यायामाचं ते तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र कसं वापरायचं?

ओढायचं! फुंकायचं नाही. जवळजवळ प्रत्येक पेशंट पहिल्या खेपेला त्यात फुगा फुगवल्यासारखं फुंकतो, गोळ्या हलत नाहीत, आणि "हे बिघडलंय" म्हणून यंत्र उशाशी पडून राहतं.

ताठ बसा. आधी श्वास सावकाश बाहेर सोडा. नळी ओठांत घट्ट धरा आणि सरबत स्ट्रॉनं ओढतो तसा श्वास हळूहळू आत ओढा. गोळी वर गेली की तिला दोन-तीन सेकंद वरच धरून ठेवायचा प्रयत्न करा. मग नळी काढून ओठांचा चंबू करून हवा सोडा. यंत्रावर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात. तिन्ही गोळ्या एकदम ठणकन वर उडवण्यात काही कमाई नाही. एक गोळी वर धरून ठेवलेला लांब, संथ श्वास फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचतो, झटका पोचत नाही. जागे असाल तेव्हा दर तासाला दहा श्वास. मधे चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबा.

यंत्र ऑपरेशनच्या आधीच घ्या. आठ दिवस घरी बसून सराव केलेला पेशंट आयसीयूत शुद्धीवर आल्यावर स्वतःच हात पुढे करून ते मागतो. दुखत असताना, गुंगीत, पहिल्यांदा शिकवणं फार अवघड जातं.

खोकलं की टाके तुटतील अशी भीती वाटते.

टाके तुटत नाहीत, आणि खोकणं टाळलं तर न्यूमोनिया होतो. उशी किंवा घडी घातलेली चादर चिरेवर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरा, पुढे वाका आणि मग खोका. जांघेत चीर असेल तर तळहात तिथे दाबा. कफ चिकट असेल तर आधी आरशावर वाफ धरतो तसं तोंड उघडून दोन-तीनदा "हा" करून हवा सोडा, कफ वर सरकतो. दुखत असेल तर सहन करत बसू नका, वेदनाशामक मागा. "बाबा खूप सोशीक आहेत" असं नातेवाईक कौतुकानं सांगतात. पण दुखणं सोसणारा माणूस खोल श्वास घेत नाही.

ऑक्सिजन ९० दाखवतोय. वाढवू का?

थांबा. कोविडच्या दिवसांत घराघरात ऑक्सिमीटर आले आणि ९५ च्या खाली गेलं की धावायचं, हे डोक्यात बसलं. पण जुना सीओपीडी असलेल्यांना बाहेरून ऑक्सिजन देताना डॉक्टर मुद्दाम ८८ ते ९२ मध्ये ठेवतात. त्यांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो. पेशंट झोपाळतो, बरळतो, वेळेत लक्षात आलं नाही तर बेशुद्ध होतो. आकडा मात्र ९८, ९९ असा छान दिसत असतो! घरी मशीन दिलं असेल तर त्यावरचा आकडा डॉक्टरांनी लावला असेल तोच ठेवा.

उलट बाजूही ऐका. नुकतीच विडी ओढलेल्या माणसाच्या बोटाला लावलेला ऑक्सिमीटर फसतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन यातला फरक साध्या यंत्राला कळत नाही, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो.

आणि ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत विडी, काडेपेटी, निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी, काहीही पेटतं नको. देवघर त्याच खोलीत असेल तर दिवा दुसऱ्या खोलीत लावा. नाकात नळी असताना विडी पेटवून चेहरा भाजतो, हे खरंच घडतं.

जांघेतली जखम भरतच नाही. साखरही नाहीये. असं का?

साखर हे एक कारण असतं, धूर हे दुसरं. जखम भरायला लागणारं कोलॅजन तयार व्हायला ऑक्सिजन लागतो, आणि ओढणाऱ्याच्या त्वचेत तो कमी पोचतो. त्यात जांघ म्हणजे घाम, घडी आणि घर्षण. ठाण्याच्या दमट हवेत तर ती कोरडी राहणंच कठीण. बायपाससाठी पायातलीच शीर काढली असेल तर आतल्या बाजूनं लांब चीर असते, तिलाही हे लागू. सुती, सैल कपडे घाला, जखम कोरडी ठेवा, रोज आरशात बघा. पाण्यासारखा स्राव, वास, लाली, ताप यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. पाय काही आठवडे सुजलेला राहणं मात्र बायपासनंतर नेहमीचं आहे. बसल्यावर पाय वर ठेवा.

बायपास झाली, पाय गरम लागतोय. आता दिवसाला एखाद-दुसरी चालेल का?

नाही. इथे मला माझ्या मामाबद्दल सांगावंसं वाटतं.

मामा तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमध्ये माथाडी होता. पाठीवर गोण, कानावर विडी. मांडीपासून गुडघ्याखालपर्यंत बायपास झाली. हॉस्पिटलमध्ये आठ-नऊ दिवस विडी नव्हती, काही अडलं नाही. घरी कोपरखैरण्याला आल्यावर सगळे झोपले की गॅलरीत जाऊन ओढायला लागला. "एक-दोनच," म्हणायचा. काही महिन्यांनी एका पहाटे पंजा गार पडला. पुन्हा उघडायचा प्रयत्न झाला, नस राहिली नाही, गुडघ्याखाली पाय गेला. तेव्हा मी शिकत होते. नंतर मी त्याचं डिस्चार्ज कार्ड काढून बघितलं. धूम्रपान बंद करा, हे त्यावर होतं. गोळ्यांच्या यादीच्या खाली, इंग्रजीत, एक ओळ. मामाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि ती ओळ कोणी त्याला वाचून दाखवली नव्हती. ते कोणत्या हॉस्पिटलचं कार्ड होतं ते सांगून आता उपयोग नाही. पण तेव्हापासून मी प्रत्येक पेशंटचं कार्ड त्याच्या शेजारी बसून मराठीत वाचते.

अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा ओढत राहणाऱ्यांची बायपास बंद पडण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. सोडलेल्यांची बायपास मात्र कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास टिकते. म्हणजे आधी तीस वर्षं ओढली हे इथे आड येत नाही, पुढे ओढली का हे बघितलं जातं. पहिल्या महिन्यानंतर साधारण दोन वर्षांपर्यंत जोडाच्या जागी आतून जाड अस्तर वाढायचा काळ असतो, त्यानंतर जुना आजार पुढे सरकतो. म्हणून डॉप्लरची, म्हणजे नसेतला रक्तप्रवाह बघायच्या सोनोग्राफीची, तारीख चुकवू नका, पाय दुखत नसला तरी. अरुंद होत चाललेला ग्राफ्ट, म्हणजे बायपाससाठी जोडलेली नळी, बंद पडायच्या आधी सापडला तर दुरुस्त करता येतो.

माझं वय ३४ आहे. साखर नाही, बीपी नाही. बोट काळं पडतंय. माझी बायपास होईल?

तुम्ही तंबाखू घेत असाल, तर डॉक्टरांच्या मनात बर्जरचा आजार असेल. लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये तो सविस्तर मांडला. तरुण, बहुतेक पुरुष, आणि जवळजवळ नेहमीच तंबाखू. यात घोट्याखालच्या, पंजातल्या बारीक नसा बंद होतात, त्यामुळे बायपास जोडायला खाली जागाच सापडत नाही. या आजाराला थोपवणारी खात्रीची गोष्ट एकच आहे, तंबाखू पूर्ण बंद. कमी करून भागत नाही. पूर्ण सोडलेल्यांचे पाय सहसा वाचतात, चालू ठेवलेल्यांची एकामागून एक बोटं जातात. कृपया आजच सोडा.

विडी सोडून तंबाखू-चुना चालेल का? मिस्री? व्हेप?

नाही. निकोटीन गालातूनही रक्तात जातं आणि नसा आवळतंच. छातीला धूर लागत नाही एवढाच काय तो फरक. बायका मिस्रीला तंबाखूत धरतच नाहीत, म्हणून मी मुद्दाम वेगळं विचारते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून आणि ई-सिगारेटवर देशभर २०१९ पासून बंदी आहे, तरी दोन्ही घेणारे येतात. विचारल्यावर लपवू नका, आम्ही पोलीस नाही.

सोडायला मदत कुठे मिळेल?

१८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा नंबर फुकट आहे, तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो. निकोटीनचं च्युइंगम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळतं. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली विडी लागत असेल तर बहुधा ४ चं लागतं. पण ते च्युइंगमसारखं सतत चावायचं नसतं. चार-पाच वेळा चावा, तिखट चव आली की तंबाखूचा बार धरतात तसं गालात धरून ठेवा, चव गेली की पुन्हा चावा. चहा-कॉफीनंतर १५ मिनिटं तरी घेऊ नका, औषध नीट शोषलं जात नाही. निकोटीनचा पॅच, व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या तंबाखू सोडायच्या गोळ्या, हे डॉक्टरांच्या सल्ल्यानं. "गममध्येही निकोटीनच आहे ना?" आहे, पण कार्बन मोनॉक्साइड नाही, धूर नाही, आणि ते ठरावीक काळानं थांबवता येतं. ऑपरेशन जवळ असेल तर सर्जनना विचारून घ्या.

सासरे लपून ओढतात. बोललं की चिडतात.

भांडू नका. वास आला तर "दादा, कधी लागते? सकाळी, जेवल्यावर?" एवढंच विचारा आणि त्या वेळेला हातात दुसरं काही द्या : बडीशेप, गम, एक फेरी. निकोटीन उतरल्यावरची चिडचिड पहिल्या आठवड्यात सगळ्यांत जास्त असते, मग ओसरते. आणि घरात दुसरं कोणी ओढत असेल तर त्यांनीही त्याच दिवशी बंद करा. मुलगा खाली टपरीवर ओढतो आणि बापाला उपदेश करतो, हे चालत नाही.

आईनं आयुष्यात विडी ओढली नाही, तरी सीओपीडी निघाला.

चुलीचा धूर. लहानपणापासून गावी लाकूड, गोवऱ्या पेटवणाऱ्या बायकांना तो होतो. खाणीची धूळ, गोदामातली मसाल्याची आणि धान्याची धूळ, हीही कारणं. ऑपरेशननंतरची काळजी तीच. घरात मच्छर कॉइल आणि धूप मात्र बंद करा.

चालायचं किती?

ऑपरेशननंतर बहुतेक जणांना दुसऱ्या दिवशी उभं करतो. घरी गेल्यावर सर्जननी परवानगी दिली की रोज. ज्यांचं ऑपरेशन ठरलेलं नाही, फक्त पोटरी दुखते, त्यांनाही चालणं हे औषध आहे : दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं ओसरू द्या, पुन्हा चाला. असं ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून निदान तीनदा, १२ आठवडे. तलावपाळी मला यासाठी आवडते. सपाट आहे आणि बसायला जागा आहे. नवी मुंबईकरांना वाशीचा सागर विहार किंवा नेरूळचा ज्वेल ऑफ नवी मुंबई. वाहनांचा धूर कमी असेल अशी वेळ निवडा.

दमाही असेल तर दोन पावलांत श्वास आत, चार पावलांत ओठांचा चंबू करून बाहेर. आधी पोटरी थांबवते की दम, हे वहीत लिहा. पुढच्या भेटीत ती वही मला कोणत्याही रिपोर्टइतकी कामाला येते.

खर्चाचं काय?

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

घरी आल्यावर कोणत्या गोष्टीसाठी रात्रीही धावायचं?

पाय अचानक गार, पांढरा किंवा निळसर पडला, बधिर झाला, बोटं हलेनात, एकदम जोरात दुखायला लागलं, तर सकाळची वाट बघू नका. रक्त पूर्ण थांबलं की स्नायू साधारण ६ तासांत कायमचे खराब व्हायला लागतात, आणि त्यातला एक तास घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्येच जाऊ शकतो. १०८ ला फोन करा. निघतानाच सर्जनच्या हॉस्पिटलला कळवा, म्हणजे ते तयार राहतील. पाय शेकू नका, चोळू नका, गरम पाण्यात घालू नका. बधिर पायाला चटका कळत नाही.

छातीसाठी : ताप आणि पिवळा-हिरवा बेडका, पंप घेऊनही न थांबणारी धाप, ओठ निळे, किंवा पेशंट विचित्र झोपाळलेला, हाक मारल्यावर नीट उत्तर न देणारा. जखमेतून भळभळून रक्त आलं तर स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरा आणि हात काढू नका. निघताना डिस्चार्ज कार्ड, पंप आणि गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घ्या. ती पिशवी आजच भरून दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवा.